जन्मभराच्या आजाराला तीन वर्षांची मुदत : सिकलसेलग्रस्ताच्या बहिणीचे खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांग तपासणीच्या बोर्डावर बसणारे सर्व डॉक्टर

विषय : सिकलसेलग्रस्तांचे दिव्यांग प्रमाणपत्र, त्याची मुदत आणि त्यातली टक्केवारी

महोदय,

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ सिकलसेलचा रुग्ण आहे. आमच्याकडे बोलतात त्या भाषेत सांगायचं तर 'एसएस पॅटर्न'चा, म्हणजे आईकडून आणि बाबांकडून दोन्हीकडून सदोष जनुक आलेला. आई आणि बाबा दोघंही 'एएस', म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक. मीही एएस. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते. आमच्या घरात ती त्याच्या वाट्याला आली.

तो नऊ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. वाटाण्याच्या शेंगेसारखी टरटरून फुगलेली बोटं होती ती. आजी म्हणाली, विंचू चावला असंल. आईनं पाळण्यातलं सगळं अंथरूण झटकून पाहिलं. विंचू नव्हता. पोर दोन रात्री रडत राहिलं, तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि सगळे विसरले. रक्ताची तपासणी व्हायला पुढं पाच वर्षं लागली. त्या काळी आमच्या भागात इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हा आजार पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात यायचा म्हणजे नागपूरची वारी होती.

बोर्डावरच्या डॉक्टरांना हा आजार मी समजावून सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर चुकलेलं असतं. त्यामुळं गोल, मऊ लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकल्या तिथं रक्त पोचत नाही आणि तिथं दुखतं. हाडात, पाठीत, छातीत, पोटात, कुठंही. थंडी लागली, पाणी कमी पिण्यात आलं, ताप आला, उन्हात जास्त राबलं, एवढं कारण पुरतं. माझा भाऊ एकदा म्हणाला होता, "ताई, कमरंत कोणी सब्बल घालून फिरवल्यावानी वाटते." ज्यांनी जमिनीत सब्बल घालून दगड उचकटलाय, त्यांना हे कळेल.

दुखणं ओसरलं की तो उठतो. चार-सहा दिवसांनी सायकलवर दिसतो. शेजारचे म्हणतात, बरा झाला पोट्टा. तो बरा झालेला नसतो. त्याचं हिमोग्लोबिन सात-साडेसातवरच असतं, डोळ्यांत पिवळेपणा असतोच, चार पायऱ्या चढला की धाप लागते. फक्त त्या दिवशी दुखत नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून ती आधी सांगितली.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, दिव्यांगत्वाचे सातचे एकवीस प्रकार केले. १९९५च्या जुन्या कायद्यात अंधत्व, श्रवणदोष, अस्थिव्यंग अशा सातच गोष्टी होत्या. नव्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले. पार्किन्सन आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला, स्वमग्नता आली, ॲसिड हल्ल्यातले पीडित आले. ही बातमी वाचली तेव्हा बाबांनी पेपरचं कात्रण कापून देवघराच्या भिंतीला डकवलं होतं. ते अजून तिथंच आहे, पिवळं पडलंय. आपल्या पोराचा आजार सरकारच्या कागदावर आला, एवढाच आनंद होता त्यांना. वीस वर्षं त्या आजाराला लोक 'नाटक' म्हणत होते.

मग आम्ही प्रमाणपत्रासाठी गेलो.

बोर्ड ठरलेल्या वारी बसायचा. आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागला. सकाळी आठपासून रांगेत उभे होतो, नंबर आला दुपारी अडीचला. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डांची एक जाड पिशवी होती. एकाच वर्षातल्या चार भरत्या आणि दोनदा रक्त चढवल्याच्या नोंदी त्यात होत्या. टेबलामागच्या डॉक्टरांनी विचारलं, "चालून दाखव." तो चालला. "खाली बस, ऊठ." बसला, उठला. "हात वर कर." केले. "आता कुठं दुखतं?"

माझा भाऊ सरळ पोरगा. म्हणाला, "आज नाही दुखत साहेब."

टक्केवारी चाळीसच्या आत बसली. पिशवी उघडलीच गेली नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर दीडशे माणसं होती, आणि अस्थिव्यंग, दृष्टिदोष तपासायची सवय असलेल्या नजरेला समोर दोन धड पाय दिसले. पण ज्या दिवशी खरंच दुखतं, त्या दिवशी आमचा रुग्ण बोर्डासमोर येऊच शकत नाही. तो सलाईन लावून वॉर्डात पडलेला असतो. त्या दिवशी त्याची टक्केवारी मोजायला कोण जाणार?

चाळीस टक्के हा आकडा कायद्यात 'लक्षणीय दिव्यांगत्वा'साठी आहे. शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, नोकरीतलं ४ टक्के, बहुतेक योजना, सगळं चाळीसच्या पलीकडं सुरू होतं. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना महिन्याला १,५०० रुपये मिळत, ते आपण २०२५ मध्ये २,५०० केले. त्याबद्दल मनापासून आभार. गावात अडीच हजार रुपये म्हणजे काय, ते मला माहीत आहे. महिन्याचा किराणा आणि दोनदा तालुक्याला जायचं भाडं त्यात निघतं. पण एकोणचाळीस आणि चाळीस यांच्या मधली रेघ आमच्या लोकांच्या बाबतीत कशावरून पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती पडते त्या बुधवारी दुखत होतं की नव्हतं, यावरून.

आणि तेही कागद कायमचं नव्हतं. भावाच्या पहिल्या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची होती. पुढं नियम बदलून ती तीन वर्षांची झाली. बदल चांगला होता, रांगेत उभं राहणं कमी झालं. तरी मला समजत नाही की ही मुदत आहे कशाची? पाय मोडला असेल तर तीन वर्षांनी पुन्हा पाहावं, हे पटतं. जनुक तीन वर्षांनी बदलत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात, फोलिक ॲसिड चालू असतं, तरी रक्त तेच राहतं. आजार वाढतो तेव्हा टक्केवारी वाढवून घ्यायला रुग्ण आपणहून येईल. तो कमी झालाय का, हे बघायला त्याला बोलावण्यात काहीच अर्थ नाही.

मधल्या काळात त्यानं बीए केलं आणि भरतीची तयारी सुरू केली. जिल्ह्याच्या वाचनालयात सकाळी सातला जाऊन बसायचा. एक दिवस जाहिरात घेऊन माझ्याकडं आला आणि दिव्यांग आरक्षणाचा रकाना बोटानं वाचू लागला. एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी. एक टक्का कर्णबधिर. एक टक्का अस्थिव्यंग, त्यातच मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायूंचा विकार. एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग. बोट शेवटापर्यंत गेलं. "ताई, यात मी कुठं आहे?"

तो कुठंच नव्हता. कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकार आहेत, पण नोकरीच्या आरक्षणाचं कलम ३४ लिहिताना रक्ताचे तिन्ही आजार आणि पार्किन्सनसारखे मज्जासंस्थेचे जुनाट आजार त्यातून सुटले. उद्या माझ्या भावाला सिकलसेलचं ऐंशी टक्के प्रमाणपत्र मिळालं, तरी त्या चार टक्क्यांत त्याला जागा नाही. हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. पोरगा पदवीधर होतो, प्रमाणपत्र जपून ठेवलेलं असतं आणि अर्ज भरताना ऑनलाइन फॉर्ममध्ये त्याचा प्रकारच सापडत नाही.

२०२२ मध्ये त्याचा उजवा खुबा गेला. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त कमी पडत जातं आणि एक दिवस तो गोळा खचतो. चोविसाव्या वर्षी त्याच्या हातात कुबडी आली. पुन्हा बोर्ड झाला. या वेळी अस्थिरोगाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, पायांची लांबी टेपनं मोजली आणि अस्थिव्यंगाच्या रकान्यात टक्केवारी चाळीसच्या वर गेली. येताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, "आता फॉर्म भरता येईल." मी त्याच्याकडं पाहिलं नाही. बाहेर धानाची बांधी होती, तिकडं पाहत राहिले.

महोदय, हाड मरेपर्यंत तो कायद्याला दिसला नाही. चोवीस वर्षं तो ज्यानं आजारी होता, त्या आजारानं त्याला काही मिळालं नाही. त्या आजारानं केलेल्या नासाडीनं मिळालं. आणि त्याआधीच्या वर्षांत आधार मिळाला असता, वेळेवर औषध, थोडे पैसे, उन्हातान्हात मजुरीला न जाण्याची सोय झाली असती, तर कदाचित खुबा काही वर्षं तगला असता. हे 'कदाचित' माझ्या मनातून जात नाही.

मला माझ्या शाळेबद्दलही लिहायचं आहे. आश्रमशाळेत पहाटे पाचला घंटा होते. डिसेंबरात हौदाच्या गार पाण्यानं आंघोळ, मग मैदानावर कवायत. एसएस पोराला यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी रांगेतच खाली बसला आणि मांड्या धरून रडायला लागला. शिक्षकांनी त्याला उठवून उभं केलं. कवायत चुकवायला करतो, म्हणाले. माझ्या घरी भाऊ नसता तर मीही तेच म्हटलं असतं. आता आमच्याकडं गरम पाण्याची सोय आहे, प्रत्येक एसएस मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली असते आणि लघवीला जायला त्याला विचारावं लागत नाही, कारण या मुलांना सारखं पाणी प्यावं लागतं आणि सारखं जावं लागतं. यातल्या कशालाच प्रमाणपत्र लागलं नाही. पण परीक्षेतल्या जादा वेळेला लागतं. शिष्यवृत्तीला लागतं. बापाच्या अनुदानाच्या अर्जाला लागतं.

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितलं की, लेखनिकासारखी वाजवी सोय मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती' आणि 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' या दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सोयीचा हक्क पहिलीलाही आहे. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, तोही या एकवीसच्या यादीत नव्हता. हा निकाल परीक्षा केंद्रांपर्यंत, केंद्रसंचालकांपर्यंत नीट पोचवा, एवढं तर विभागाच्या हातात आहे. मागच्या वर्षी मी स्वतः त्याची प्रत छापून एका केंद्रावर घेऊन गेले होते. मुलीला वेळ मिळाला. पण प्रत्येक मुलीमागं प्रत घेऊन जाणारी बाई नसते.

आता ज्या गोष्टीनं मला हे पत्र लिहायला बसवलं, ती सांगते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, असं त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्र त्यात आहे. आमच्या गावात आशाताई घरोघर आल्या, शाळेत पथक आलं, पोरांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, संशयित नमुने पुढं पाठवले, पक्के रिपोर्ट आले, नावं पोर्टलवर चढली, कार्डं हातात पडली. काम मनापासून झालं, मी साक्षीदार आहे. म्हणजे शासनाचा एक हात आमच्या दारात येऊन सांगतो की तुझ्या पोराला एसएस आहे, हे त्याचं कार्ड, औषध चुकवू नको. आणि त्याच शासनाचा दुसरा हात म्हणतो, ऑनलाइन अर्ज कर, तारीख मिळेल, जिल्ह्याला ये, चालून दाखव. जी गोष्ट शासनानं स्वतः शोधून काढली, स्वतः नोंदवली, ती सिद्ध करायला शासनच आईबापांना मजुरी बुडवून बोलावतं.

भामरागडच्या पलीकडच्या गावातून गडचिरोलीला यायचं म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढं जातं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ताच बंद. आणि पावसाळ्याचे तेच दिवस या पोरांना तापाचे, म्हणून झटक्याचे असतात.

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली आणि राज्यात पडताळणी सुरू झाली. ती व्हायलाच हवी. खोट्या प्रमाणपत्रानं जागा लाटणाऱ्यानं खऱ्या दिव्यांगाचा घास काढलेला असतो, आणि कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण या वातावरणात संशयाची नजर सगळ्यात आधी ज्यांचं दुखणं दिसत नाही त्यांच्याकडं वळते. माझी विनंती आहे की सिकलसेलबाबत संशयाला जागाच कमी आहे, हे लक्षात घ्यावं. एचपीएलसीचा, म्हणजे पक्क्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट अभिनय करून मिळत नाही. हवं तर बोर्डासमोर पुन्हा रक्त काढा, अर्ध्या चमच्यात निकाल लागेल.

माझं मागणं असं आहे. ज्याचं नाव अभियानाच्या नोंदीत पक्क्या तपासणीनिशी एसएस म्हणून आहे, त्याला आजार सिद्ध करायला पुन्हा बोलावू नये. दोन्ही विभागांनी आपले पोर्टल एकमेकांना जोडावेत. टक्केवारी ठरवताना मागच्या वर्षभरातल्या भरत्या, चढवलेलं रक्त, बुडालेले शाळेचे आणि कामाचे दिवस बघावेत, आणि बोर्डावर फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ असल्याशिवाय रक्ताच्या आजाराचा रुग्ण तपासू नये. शक्यतो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वर्षातून दोनदा शिबिर लावावं, एक पावसाळ्याच्या आधी. प्रमाणपत्र कायमचं करण्याचा आणि कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार आणण्याचा अधिकार केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या राज्यानं लेखी शिफारस केली तर दिल्लीत तिला वजन राहील. विदर्भ आणि नंदुरबार मिळून सिकलसेलचा एवढा मोठा भार आपल्याच राज्यावर आहे, म्हणून ती शिफारस आपणच करायला हवी.

आणि चाळीसच्या आतल्यांसाठी काही तरी करा. नवीन नियमात युडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, कार्ड टक्केवारीप्रमाणं पांढरं, पिवळं आणि निळं झालं. चाळीसच्या आतल्याला पांढरं. हे पांढरं कार्ड दाखवल्यावर निदान औषधं, तपासणी, प्रवास आणि शाळेतल्या सोयी तरी बिनबोभाट मिळाव्यात. आजार वाढायच्या आधीच मदतीचा उपयोग जास्त आहे. खुबा खचल्यावर दिलेली मदत खुबा परत आणत नाही.

आमच्या शाळेत या घडीला सहा मुलं एसएस आहेत. त्यातल्या सातवीतल्या एका मुलीचा अर्ज मी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मोबाइलवरून भरला. तिच्या आईला सही येत नाही, अंगठा घेतला. तारीख आली आहे, पुढच्या महिन्यातली. मी तिच्यासोबत येणार आहे. तिच्या सगळ्या डिस्चार्ज कार्डांना तारखेप्रमाणं टाचण लावून ठेवलंय, वरती एका कागदावर वर्षभरातल्या भरत्या मी माझ्या अक्षरात लिहून काढल्यात. बोर्डावर बसणाऱ्या डॉक्टरसाहेबांना, मॅडमना एवढीच विनंती, तिला चालायला सांगण्याआधी तो वरचा कागद वाचावा. ती धिटाईनं बोलणारी मुलगी नाही. कुठं दुखतं विचारलंत, तर ती मान खाली घालून 'नाही' म्हणेल.

आपली,
एका सिकलसेलग्रस्ताची बहीण आणि आश्रमशाळेतली शिक्षिका
जि. गडचिरोली